कोळशांचा विस्तव : भ्यालेल्या मनाविषयी एक पाठ

शास्त्रपाठ : योहान १८:१५–२७, योहान २१:१–१९, १ राजे १९:१–१८

भिगवणच्या आसपासच्या वाचकांस योहानाचा एकविसावा अध्याय समजावून सांगण्यास फार श्रम पडत नाहीत. पहाटेचा काळोख, रात्रभर टाकून रिकामेच वर आलेले जाळे, काठावर कोणी उभा आहे परंतु अंधुक उजेडात तो ओळखू येत नाही, हे सारे उजनीच्या फुगवट्याच्या काठी राहणाऱ्यांस रोजचेच आहे. कुंभारगाव, डिकसळ, कळाशी या बाजूस हा पाठ घेताना उपदेशकापेक्षा श्रोत्यांसच तो अधिक कळतो, असा आमचा अनुभव आहे. तथापि या अध्यायात एक लहानसा शब्द आहे, त्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. शिष्य काठास उतरले तेव्हा त्यांस कोळशांचा विस्तव दिसला, असे नवव्या वचनात सांगितले आहे. मूळ ग्रीक भाषेत कोळशांच्या विस्तवाचा हा शब्द साऱ्या नव्या करारात दोनच ठिकाणी आढळतो. एक ठिकाण हे. आणि दुसरे अठराव्या अध्यायाचे अठरावे वचन, जेथे थंडीच्या रात्री प्रमुख याजकाच्या अंगणात पेत्र शेकत उभा राहिला, व त्याने प्रभूस तीन वेळा नाकारले.

ज्या मनुष्याच्या हातून किंवा डोळ्यांदेखत काही भयंकर घडले आहे, त्याला तोच धूर व तोच वास पुन्हा आला, तर त्याच्या मनाचे काय होते? या आठवड्यात आपण याच प्रश्नाचा अभ्यास करू. आमच्या मंडळ्यांत अशी माणसे आहेत, आणि त्यांच्याशी आपण पुष्कळदा चुकीचे वागतो, म्हणून हा विषय घेतला आहे.

ता. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी एक होडी वादळी वाऱ्यात सापडून उलटली. एक जण पोहून काठास लागला. सहा जण बुडाले, व त्यांत लहान लेकरेही होती. त्या घरांच्या शोकाविषयी आम्ही येथे काही लिहिणार नाही. तो शोक त्यांचा आहे. परंतु अशी गोष्ट घडली म्हणजे ती बुडालेल्यांच्या घरांपुरती राहत नाही. शोध घेणारे, काठावर उभे राहून वाट पाहणारे, पुढच्या आठवड्यात तेच पाणी ओलांडून बाजारास जाणारे, यांपैकी कोणाच्याही मनावर तिची खूण राहू शकते. पाण्याचीच गोष्ट कशास? सोलापूर रस्त्यावरचा अपघात, विहिरीतून काढलेले शेजाऱ्याचे प्रेत, रात्री दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याच्या हातचा मार, लहानपणी नात्यातल्याच कोणी केलेला अत्याचार, यांनीही तीच जखम होते. शेवटच्या दोन गोष्टींविषयी मंडळीत कोणी बोलत नाही. म्हणून त्या कमी घडतात असे उपदेशकाने समजू नये.

ही जखम कशी ओळखावी? साधी आठवण जुनी होत जाते. दहा वर्षांपूर्वी आपले बैल चोरीस गेले, हे आठवले तर वाईट वाटते, परंतु ते दहा वर्षांपूर्वीचे आहे हे मनास ठाऊक असते. आघाताची आठवण मात्र जुनी होत नाही. ती मनुष्याच्या इच्छेवाचून येते, स्वप्नात येते, वासाने किंवा आवाजाने येते, आणि आली म्हणजे ती गोष्ट याच क्षणी पुन्हा घडत आहे असे त्याच्या शरीरास वाटते. छाती धडधडते, घाम फुटतो. मग तो त्या जागेपासून, त्या रस्त्यापासून, त्या बोलण्यापासून दूर राहू लागतो. झोप तुटते, भांडे पडले तरी तो दचकून उठतो, लेकरांवर विनाकारण खेकसतो. काहींचे मन बधिर होते. लग्नात आनंद नाही, मर्तिकात अश्रू नाहीत. कित्येक जण, विशेषतः वाचलेले, स्वतःसच दोष देत राहतात. घटनेस महिना लोटल्यावरही ही लक्षणे राहिली, व त्यांमुळे मनुष्याचे काम आणि घर चालेनासे झाले, तर डॉक्टर त्यास आघातोत्तर तणाव विकार म्हणतात. इंग्रजी नावाची आद्याक्षरे घेऊन पीटीएसडी असेही म्हणतात.

हे नाव अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या ग्रंथात १९८० साली दाखल झाले. दुखणे मात्र फार जुने. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स नावाच्या डॉक्टरांनी तोफगोळ्यांच्या माऱ्यात सापडलेल्या शिपायांची हकीकत एका वैद्यकीय पत्रात छापली. त्या शिपायांची स्मृती जाई, दृष्टी मंद होई, वास व चव कळेनाशी होई. तरीही त्या युद्धात पळून जाणे, भित्रेपणा यांसारख्या आरोपांवरून ब्रिटिश सैन्याने आपल्याच तीनशेहून अधिक शिपायांस गोळ्या घातल्या. सरकारने त्यांना मरणोत्तर क्षमा केली ती २००६ साली. मनाच्या जखमेस पाप समजण्याची चूक केवळ अडाणी लोकच करतात असे नाही, हे यावरून दिसते.

आपल्या महाराष्ट्रात या विषयाचा मोठा अभ्यास किल्लारीच्या भूकंपानंतर झाला. ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्याच्या सुमारास, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर लोक गाढ झोपेत असताना, लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांतील जाड दगडमातीच्या भिंती लोकांच्या अंगावर कोसळल्या व हजारो माणसे मेली. त्यानंतर महिन्याभरात काही संशोधकांनी वाचलेल्या खेडुतांची तपासणी केली, व तिचा वृत्तांत १९९६ साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांत मनाचा काही ना काही विकार आढळला. त्यांत हा आघाताचा विकार व खिन्नतेचा विकार हे मुख्य होते. पुढे पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने तेथे काही वर्षे काम केले. नाटक व चित्रपट यांमुळे वाचकांस ठाऊक असलेले डॉ. मोहन आगाशे हे मनोविकारतज्ज्ञही आहेत, आणि या कामात ते प्रमुख होते. भूकंपानंतर कित्येक दिवस लोक दगडी घरात पाठ टेकण्यास धजत नसत. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उघड्यावर निजत. ज्या भिंतीने लेकरू घेतले त्या भिंतीखाली निजवत नाही, यात अविश्वास कोठे आहे?

तथापि एक दिलासा देणारी गोष्टही सांगितली पाहिजे. आघात झालेला प्रत्येक मनुष्य आजारी पडतोच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातील शंभरांपैकी सुमारे सत्तर माणसांस आयुष्यात केव्हा ना केव्हा असा भयंकर प्रसंग येतो, परंतु असा प्रसंग आलेल्या शंभरांपैकी पाच-सहा जणांसच हा विकार जडतो. अमेरिकेतील एका अभ्यासात बलात्कार झालेल्या स्त्रियांस पहिल्या दोन आठवड्यांत पाहिले, तेव्हा शंभरांत चौऱ्याण्णव स्त्रियांत ही लक्षणे होती. तीन महिन्यांनी ती निम्म्यांहून काही कमी स्त्रियांत राहिली. म्हणजे पहिले काही दिवस झोप न येणे, दचकणे, रडणे हा आजार नव्हे. हाडास मार बसला म्हणजे सूज येते, तसेच हे आहे. पुष्कळांची सूज आपोआप उतरते. कोणाची उतरत नाही, हे मात्र पाहावे लागते. ज्यांच्या भोवती माणसे राहतात त्यांची अधिक उतरते, असे संशोधनात वारंवार दिसून आले आहे.

आता आम्हांस स्वतःचा एक अपराध सांगावयाचा आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीचे एक बंधू हमरस्त्यावरील मोठ्या अपघातातून वाचले. त्यांच्या शेजारी बसलेला सोबती जागीच ठार झाला. दुसऱ्याच रविवारी आम्ही त्यांस मंडळीपुढे उभे केले व देवाने कसे वाचविले याची साक्ष द्या म्हणून सांगितले. त्यांनी दिली. लोक रडले, आम्हांस समाधान वाटले. मग शेजारच्या गावी, मग तिसऱ्या गावी, असे महिनाभर चालले. त्यानंतर ते बंधू उपासनेस येईनासे झाले. त्यांचा विश्वास थंड झाला असे आम्ही म्हटले, आणि काहींनी तर प्रार्थनेत त्यांचे नाव त्या रीतीने घेतलेही. पुष्कळ दिवसांनी त्यांच्या पत्नीने सांगितले की साक्षीच्या आदल्या रात्री ते झोपत नसत. आणि उपासनामंदिर रस्त्यालगत असल्याने ट्रकचा भोंगा वाजला की त्यांस बाकावर बसवत नसे. शिवाय “देवाने मला वाचविले” असे म्हणताना प्रत्येक वेळी त्यांच्या मनात येई, मग त्याला का नाही? हे विचारण्यास आम्ही त्यांस जागाच ठेविली नव्हती.

यासंबंधी डॉक्टरांची चूकही आमच्यासारखीच होती, हे पुढे वाचनात आले. भयंकर प्रसंगानंतर लगेच सर्वांस एकत्र किंवा एकेकटे बसवून, एकाच बैठकीत सर्व काही तपशीलाने बोलावयास लावावे, म्हणजे मन मोकळे होते व पुढे विकार होत नाही, अशी पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरीस फार चालू होती. ऑक्सफर्ड येथे रस्त्यावरील अपघातात जखमी होऊन रुग्णालयात आलेल्यांवर तिची परीक्षा झाली. काहींस अशी बैठक दिली, काहींस दिली नाही. तीन वर्षांनी पाहिले तेव्हा बैठक दिलेल्यांचीच प्रकृती अधिक वाईट होती. आणि ज्यांच्या मनात प्रारंभी भयंकर आठवणी जोराने येत होत्या, ते तर तसेच राहिले होते. हा वृत्तांत २००० साली प्रसिद्ध झाला. आता जागतिक आरोग्य संघटनाही अशी बैठक घेऊ नये असेच सांगते.

मग बोलूच नये काय? असे नव्हे, आणि येथेच योहानाचा एकविसावा अध्याय आम्हांस फार उपयोगी वाटतो. प्रभूने पेत्रास पाहताच त्याच्या नाकारण्याचा विषय काढला नाही. आधी विस्तव, मासळी व भाकर तयार होती. तीच ऊब, तोच कोळशाचा वास. परंतु या वेळी भोवती शत्रूचे चाकर नाहीत, तर आपलेच सोबती आहेत, आणि जेवावयास बोलाविणारा प्रभू स्वतः आहे. न्याहारी झाल्यावर, पंधराव्या वचनात, पहिला प्रश्न येतो. तो तीन वेळा येतो. तिसऱ्या वेळी पेत्रास दुःख झाले, हे योहान लपवीत नाही. आणि प्रत्येक उत्तरापाठोपाठ त्यास काम सोपविले आहे. प्रभू डॉक्टरांच्या पुस्तकाप्रमाणे वागला असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आमचे म्हणणे इतकेच की ज्या जागी मन अडकले त्या जागी पुन्हा जावे लागते; परंतु भुकेल्या पोटी नव्हे, एकट्याने नव्हे, दुसऱ्याच्या घाईने नव्हे.

एलीयाची गोष्टही या दृष्टीने वाचावी. रतमाच्या झुडपाखाली तो मरण मागत निजला, तेव्हा देवदूताने त्यास उपदेश केला नाही. उठविले, भाकर व पाणी दिले, पुन्हा निजू दिले, पुन्हा खाऊ घातले. चाळीस दिवसांनंतर होरेबाजवळ त्यास प्रश्न झाला. त्याने आपले दुःख सांगितले. तोच प्रश्न पुन्हा झाला, आणि त्याने तेच दुःख त्याच शब्दांत पुन्हा सांगितले (वचने १० व १४ ताडून पाहा). तू हे एकदा सांगितलेस, असे त्यास कोणी म्हटले नाही. उपदेशकांनो, दुखावलेला मनुष्य एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगू लागला तर आपण किती लवकर कंटाळतो, याचा विचार करा.

आज जे उपचार सर्वांत अधिक गुणकारी ठरले आहेत, ते याच जातीचे आहेत. एडना फोआ या विदुषीने अमेरिकेत बसविलेल्या पद्धतीत रुग्ण डोळे मिटून, शिकलेल्या सल्लागाराच्या सोबतीने, ती घटना आता घडत आहे अशा रीतीने प्रारंभापासून शेवटपर्यंत सांगतो. असे एकदाच नव्हे, तर आठ ते पंधरा भेटींत. सांगितलेले ध्वनिमुद्रित करून तो घरीही ऐकतो. शिवाय ज्या निरुपद्रवी जागा त्याने भयाने टाकून दिल्या, तेथे तो पायरीपायरीने पुन्हा जातो. पाण्यास भ्यालेला मनुष्य पहिल्या दिवशी होडीत बसत नाही. तो लांबून पाणी पाहतो, मग काठापर्यंत येतो, मग पाय बुडवितो. हळूहळू शरीरास कळते की आठवण म्हणजे घटना नव्हे. डोळ्यांच्या हालचालींसह आठवण काढण्याची ईएमडीआर नावाची दुसरी एक पद्धत आहे. तीही गुणकारी ठरली आहे.

हे वाचून कोणी म्हणेल की हे सर्व शहरातल्या श्रीमंतांचे. आम्हांसही तसेच वाटले होते. परंतु जर्मनीतील कॉन्स्टान्झ येथील संशोधकांनी छावण्यांत राहणाऱ्या निर्वासितांसाठी एक पद्धत बसविली. तिच्यात जमिनीवर एक दोरी पसरतात; ती दोरी म्हणजे मनुष्याचे आयुष्य. जेथे सुख झाले तेथे फूल ठेवावयाचे, जेथे आघात झाला तेथे दगड. मग जन्मापासून क्रमाने साऱ्या आयुष्याची गोष्ट सांगावयाची, आणि दगडापाशी आल्यावर थांबून तो दगड सावकाश पाहावयाचा. युगांडातील एका छावणीत रवांडा व सोमालिया येथील निर्वासितांवर ही पद्धत चालविणारे डॉक्टर नव्हते. त्याच निर्वासितांतून निवडून शिकविलेले साधे लोक होते. त्यांच्या हातूनही पुष्कळांस गुण आला, असे २००८ साली प्रसिद्ध झाले. आपल्या शेजारी गोव्यात संगथ या संस्थेने खिन्नतेच्या विकारावर असेच काम गावच्या साध्या, पण नीट शिकविलेल्या सल्लागारांकडून करवून घेतले आहे. येथे “शिकविलेले” या शब्दावर आमचा भर आहे. या लेखावरून कोणा उपदेशकाने दोरी व दगड घेऊन बसू नये. शिक्षण व देखरेख यांवाचून जखम उघडली तर ती मिटविता येत नाही.

उपदेशकाचे व बायबल बाईचे काम निराळे आहे, आणि ते लहान नाही. जागतिक आरोग्य संघटना, वर्ल्ड व्हिजन ही ख्रिस्ती संस्था व आणखी एक संस्था यांनी मिळून २०११ साली मानसिक प्रथमोपचाराचे पुस्तक काढले. त्याचे सार तीन क्रियापदांत आहे : पाहा, ऐका, जोडून द्या. धोका टळला आहे काय, कोणास अन्न, पांघरूण, औषध हवे, हे पाहा. नवरा अजून मारत असेल तर आधी त्या बाईस सुरक्षित जागा हवी. सहनशीलतेचा उपदेश तिला करू नये. मग जवळ बसून ती जे सांगेल ते ऐका, न सांगेल ते विचारू नका. मग तिला तिच्या माणसांशी व जेथे मदत मिळते त्या जागेशी जोडून द्या. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर त्यांचे काही चुकले नव्हते.

केडगाव येथून भिगवणला आगगाडीने थोडाच वेळ लागतो, म्हणून पंडिता रमाबाईंची आठवण येथे करणे अप्रस्तुत होणार नाही. १८७४ च्या सुमारास उपासमारीत त्यांचे आईबाप गेले, पाठोपाठ बहीणही गेली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या व तेथून शेकडो उपाशी मुली व विधवा घेऊन आल्या. स्वतः सोसलेल्या भुकेच्या आठवणीनेच आपण निघालो, असे त्यांनी लिहून ठेविले आहे. केडगावास मुलींस अन्न, वस्त्र, निजावयास जागा, सोबत व हातास काम मिळाले. आजच्या अर्थाने हा उपचार नव्हे, परंतु ज्यावाचून कोणताही उपचार लागू पडत नाही ते सर्व त्यात होते.

औषधाविषयी थोडे सांगतो. खिन्नतेवरील काही औषधांनी या विकारातही उतार पडतो. ती डॉक्टरांनीच द्यावी. परंतु घटनेनंतर लगेच दुकानातून आणलेल्या झोपेच्या गोळ्या, किंवा शेजाऱ्याने आणून दिलेली बाटली, यांनी हित होत नाही. दारूने रात्र जाते, आठवण तशीच राहते, आणि एका दुखण्याची दोन होतात. आमच्या गावांत आणखी एक गोष्ट घडते. बाई दचकते, शून्यात पाहते, मध्येच ओरडते, म्हणून तिला बाहेरचे झाले असे ठरवून देवऋषीकडे नेतात. आणि ख्रिस्ती घर असले तर तिच्याभोवती जमून मोठ्याने भूत काढण्याची प्रार्थना करतात. जिला गर्दीचे व आरड्याओरड्याचेच भय बसले आहे तिच्यावर याचा परिणाम काय होईल? प्रार्थना अवश्य करा. पण तिला विचारून, हळू आवाजात, थोडक्यात. स्तोत्र ८८ वाचून दाखवा. ते अंधारातच संपते, तरी ते पवित्र शास्त्रात ठेविले आहे.

महिना झाला तरी ज्याची झोप व काम परत आले नाही, त्यास बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा पुण्यास मनोविकारतज्ज्ञाकडे घेऊन जावे. नुसती चिठ्ठी देऊ नये, सोबत जावे. मरण्याची भाषा निघाली तर महिन्याची वाट पाहू नये. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस नावाची दूरध्वनी सेवा चालविली आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून पैसे पडत नाहीत व मराठीत बोलता येते. हा क्रमांक उपासनामंदिराच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा, म्हणजे ज्यास कोणास विचारण्याची लाज वाटते त्यास तो न विचारता मिळेल.

एक गोष्ट राहिली. वर्ष फिरून तोच दिवस जवळ आला म्हणजे बऱ्या झालेल्या मनुष्याचीही झोप पुन्हा बिघडते. कित्येकदा त्याचे कारण त्याला स्वतःलाही उमगत नाही. मे महिन्यातले वारे सुटले, किंवा गणपती पाण्यात गेले, एवढे निमित्त पुरते. म्हणून प्रत्येक उपदेशकाने आपल्या मंडळीतील अशा घरांच्या तारखा डायरीत लिहून ठेवाव्या, आणि त्या दिवशी सायंकाळी, काही कारण न सांगता, त्या घरी जाऊन चहा घेऊन यावे.